महत्त्वाकांक्षी मातेचा साचा : मराठी ऐतिहासिक नाटकातील सोयराबाई

नाट्यगत व्यक्तिरेखांची प्रकारांत विभागणी करण्याची प्रवृत्ती नाट्यविचाराइतकीच जुनी आहे. भरताने पात्रांची प्रकृती उत्तम, मध्यम व अधम अशी त्रिविध मानली. थिओफ्रास्टसने तीस स्वभावनमुने रेखाटले. असे वर्गीकरण वरकरणी केवळ वर्णनात्मक भासते. परंतु ऐतिहासिक नाटकात एखाद्या व्यक्तीला 'प्रकार' बहाल केला जातो, तेव्हा वर्णनाबरोबर कारणमीमांसाही उरकली जाते; कृतीचे कारण परिस्थितीत न शोधता स्वभावात शोधले जाते. पुत्रासाठी सिंहासनाची आणि स्वतःसाठी राजमातेच्या प्रतिष्ठेची अभिलाषा धरणारी माता हा असाच एक प्रकार होय. मराठी नाटकातील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे सोयराबाई.

या प्रकाराचे आदिरूप अर्थातच कैकेयी. परंतु भासाच्या नावावर असलेल्या 'प्रतिमा' नाटकात हीच कैकेयी दोषमुक्त होते. तेथे शाप आणि वाचेचा प्रमाद यांवर वनवासाचे उत्तरदायित्व जाते. म्हणजे साचा अटळ नसतो. नाटककाराला तो नाकारता येतो. मग सोयराबाईंच्या बाबतीत तो इतका चिवट का ठरावा?

घटनाक्रम पाहता प्रश्न स्वभावापेक्षा वारशाचा दिसतो. १६७४ च्या राज्याभिषेकात सोयराबाई पट्टराणी झाल्या आणि संभाजीराजे युवराज. एकाच समारंभाने दोन परस्परविरोधी दाव्यांना अधिष्ठान दिले. १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाला मिळाले व पुढील वर्षी परतले. त्यामुळे प्रधानमंडळातील अविश्वासाला राजकीय कारण होते. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आले. या निर्णयात अण्णाजी दत्तो, मोरोपंत यांसारख्या अनुभवी कारभाऱ्यांचा वाटा निर्णायक होता. उलट सोयराबाईंचे सख्खे बंधू हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या पक्षाला मिळाले. माहेरच्या बळावर कारस्थान करणारी राणी हे चित्र येथेच विसकटते. ऑगस्ट १६८० मधील बाकरे दानपत्रात तर संभाजीराजे सापत्न मातेच्या मनाच्या निर्मळतेची ग्वाही देतात आणि दोष मंत्र्यांकडे वळवतात.

तरीही साचा टिकला, कारण त्याला कथनात एक कार्य होते. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर या घटनांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. बखरकार हे १६८१ मध्ये देहदंड झालेल्या बाळाजी आवजींचे वंशज होत. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची तिच्यातील कथा संभाजीराजांच्या क्रौर्याचे प्रमाण म्हणून येते. येथे राणी मुख्यतः बळी आहे. खलत्वाचा भार राजावर आहे. गडकऱ्यांच्या अपूर्ण 'राजसंन्यास'मध्येही ऱ्हासाचे मूळ संभाजीराजांच्या विलासात दाखवले जाते. सावत्र आईच्या खलत्वाची तेथे फारशी गरज भासत नाही.

१९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र प्रसिद्ध झाले, १९७१ मध्ये कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी'. सोयराबाईंचा मृत्यू १६८१ मधला असल्याचे स्पष्ट झाल्यावर गडावर येताच त्यांना चिणल्याची कथा कोसळली, आणि संभाजीराजांची प्रतिमा उजळली. या दोषमुक्तीचा लाभ सोयराबाईंना मात्र मिळाला नाही. कारण नायक निष्कलंक झाला की त्याच्या शोकांतिकेला दुसरे कारण हवे असते. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकाने राजकारण घराच्या चौकटीत आणले. पितापुत्रसंघर्षाला त्यामुळे मानवी खोली लाभली, हे नाटकाचे श्रेय निःसंशय. परंतु त्याच चौकटीत वारसाहक्काचा प्रश्न सावत्रपणाचा प्रश्न झाला आणि पट्टराणीचा दावा पुत्रमोहात रूपांतरित झाला. १९७९ मधील शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी आणि तिच्यावर बेतलेला २०२५ मधील हिंदी चित्रपट यांत हीच दिशा अधिक गडद होते.

तात्पर्य, महत्त्वाकांक्षी मातेचा साचा आणि नायकाची शुद्धता यांचे प्रमाण परस्परावलंबी आहे. नायक दोषी असतो तेव्हा माता बळी ठरते. नायक निर्दोष होतो तेव्हा ती कारस्थानी होते. दोन्ही वेळी तिच्याविषयीचा पुरावा तोच असतो. बदलते ती कथनाची निकड. एकाच निर्णयाला मंत्र्यांच्या संदर्भात 'राजकारण' आणि राणीच्या संदर्भात 'हव्यास' म्हणणारी भाषा इतिहासाची नसून साच्याची आहे. म्हणून ऐतिहासिक नाटकाच्या समीक्षेने 'ही व्यक्तिरेखा कोणत्या प्रकारात मोडते' एवढ्यावर न थांबता, 'हा प्रकार कोणाची जबाबदारी हलकी करतो' हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.