पॅरिसच्या भिंतींवरचे क्रमांक

पॅरिसमधल्या अनेक जुन्या भिंतींवर आजही एक सूचना रंगवलेली दिसते : पत्रके चिकटवण्यास मनाई, कायदा २९ जुलै १८८१. मुळात हा कायदा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा. छापण्याची मुभा देणाऱ्या कायद्यानेच भिंतींना मात्र कुंपण घातले. त्याच शहरात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका माणसाने कुणालाही न विचारता दीड हजार मोझेइके भिंतींवर बसवली, आणि त्यांची इतकी काटेकोर नोंद ठेवली की एखाद्या पुराणवस्तू खात्याला हेवा वाटावा. मला या प्रकरणात चित्रांपेक्षा ही नोंदवहीच जास्त महत्त्वाची वाटते.

हा फ्रेंच कलावंत ‘इन्व्हेडर’ म्हणजे ‘आक्रमक’ या नावाने ओळखला जातो. लोकांसमोर येतो तो चेहरा झाकूनच. टोपणनाव आले ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळावरून. जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली तयार केला. पडद्यावर वरून खाली सरकत येणारे परग्रहवासी त्यात होते. त्या काळच्या यंत्रांची ताकद बेताची, म्हणून ही सगळी आकृती मोजक्या चौकोनी ठिपक्यांची. इन्व्हेडरने ओळखले ते एवढेच, की पडद्यावरचा चौकोनी ठिपका आणि स्नानगृहातली चौकोनी टाइल यांत फारसा फरक नाही. रोमन आणि बायझंटाईन कारागीर दगडाकाचेच्या तुकड्यांनी जे करत होते, त्याचाच हा धागा. शिवाय चिनीमातीची टाइल पावसाने धुऊन जात नाही आणि उन्हाने विटत नाही. भिंतीवर फवारलेला रंग मात्र कालांतराने मावळतो.

पहिले मोझेइक १९९६ च्या सुमारास पॅरिसमध्ये लागले, जणू टेहळणीला पाठवलेला हेर. खरी मोहीम १९९८ पासून. तुकडे आधी जुळवून ठेवायचे, रात्री शिडी लावायची आणि सिमेंटने पक्के करून निघून जायचे. जागा बहुधा गल्लीच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या नावाच्या निळ्या पाटीशेजारी, हात पोचणार नाही पण नजर पोचेल अशा उंचीवर. हजारो लोक खालून जातात आणि त्यांना ते दिसत नाही. एकदा दिसले, की मग दुसरे शोधल्यावाचून राहवत नाही.

प्रत्येकाला शहराच्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक मिळतो. पॅरिसचे पहिले पीए_०१. हजारावे २०११ साली झाले. हॉलिवूडच्या प्रसिद्ध अक्षरांपासून वाराणसीपर्यंत जगभरात मिळून चार हजारांच्या वर मोझेइके लागली. २०१५ साली तर एक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही पोचले. परग्रहवासी घरी गेला, असे फार तर म्हणता येईल! पण पॅरिससारखी दाटी दुसरीकडे कुठेही नाही.

हा क्रमांक म्हणजे मोझेइकचा सातबाराच. फरक इतकाच की भिंत एकाची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. भिंतीवरचे मोझेइक विकले जात नाही. विकली जाते ती तिची एकच प्रतिकृती, ओळखपत्रासह. त्यामुळे भिंतीवरून खरवडलेल्या मालाला किंमत नसावी, असा हिशेब. टाइल उचकटताना बहुतेक वेळा फुटते, ते वेगळेच. तरीही चोर आलेच. २०१७ च्या उन्हाळ्यात पिवळी जाकिटे घातलेली माणसे पालिकेचे कामगार असल्याच्या थाटात शिडी लावून दिवसाढवळ्या मोझेइके काढू लागली. आम्ही कुणालाही पाठवलेले नाही, असे पॅरिस पालिकेने जाहीर केले आणि तक्रार नोंदवली. ती चोरीची नव्हे, पालिकेच्या कर्मचाऱ्यांचे सोंग घेतल्याची! विनापरवाना लावलेली वस्तू चोरीला गेली, तर फिर्यादी कोण, हा पेच तिथे उघडा पडला.

हाँगकाँगमध्ये याच्या उलट घडले. २०१४ साली तिथल्या प्रशासनाने स्वतःच मोझेइके काढून टाकली आणि नागरिकांनी मोठा गिल्ला केला. नष्ट झालेल्यांपैकी एका कार्टून कुत्र्याची प्रतिकृती पुढच्याच वर्षी लिलावात सुमारे वीस लाख हाँगकाँग डॉलरना गेली. सरकारी खात्याने कचरा म्हणून काढलेल्या वस्तूची ही किंमत! मला यात कलेचा विजय वगैरे दिसत नाही. विकली गेली ती नोंद.

त्याच २०१४ साली या मोझेइकांसाठी मोबाइलवरचे एक ॲप निघाले. मोझेइकसमोर उभे राहून छायाचित्र घ्यायचे, खरे ठरले की दहापासून शंभरपर्यंत गुण. खेळच तो, पण त्यातून पॅरिसला फुकटचे पहारेकरी मिळाले. कुठले मोझेइक शाबूत, कुठले अर्धे फुटले, कुठले नव्या गिलाव्याखाली गेले, हे या मंडळींना पाठ असते. त्यांत कारकून असतात, शिक्षक असतात, रविवारी मुलांना घेऊन निघणारे आईबाप असतात. कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसताना त्यांनी एका शहराची गल्लीवार पाहणी केली आहे. माझ्यासारख्या, विद्यापीठाबाहेर राहून कागद गोळा करणाऱ्याला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटणे साहजिक आहे.

यातले काही जण पुढे गेले. नाहीशा झालेल्या मोझेइकचे जुने छायाचित्र समोर ठेवून, त्याच रंगाच्या आणि मापाच्या टाइल शोधून ते त्याच जागी ते पुन्हा बसवतात. हुबेहूब असेल तर कलावंत ते मान्य करतो. क्रमांक जुनाच राहतो. चाहत्याला यात अडचण वाटत नाही, इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र वाटायला हवी. १९९८ चा क्रमांक आणि कालपरवाच्या टाइल अशी जोडी असेल, तर पहिल्यांदा लावल्याची आणि पुन्हा बसवल्याची अशा दोन्ही तारखा नोंदीत पाहिजेत. जुनी छायाचित्रेही त्यासाठी जपली पाहिजेत. त्यांत मोझेइकखाली बेकरीची पाटी दिसते, बाजूच्या खिडकीचा रंग दिसतो, मधल्या काळात पाडलेल्या भिंतीचा कोपरा दिसतो.