तैग्रिस नदीपासून येडशी स्टेशनापर्यंत

नोव्हेंबर हा आपण मृतांच्या स्मरणाचा महिना मानितों. याच महिन्याच्या २२ तारखेस, १९१५ सालीं, बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथें सहाव्या पुणें डिव्हिजनची तुर्कांशीं लढाई जुंपली. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. सरकारी फौजेचे चार हजारांवर लोक मेले वा घायाळ झाले. आम्हांस सांगावयाची आहे ती घायाळांची कथा.

त्यांस नदीकांठीं नेण्यास सामान वाहण्याच्या, स्प्रिंगा नसलेल्या गाड्या होत्या. मोडल्या मांडीनें अशा गाडींतून मैलोगणती जाणें म्हणजे काय, हें बैलगाडीचे धक्के खाल्लेल्या वाचकांस सांगावयास नको. पुढें आगबोटीनें बसरा. 'मेजिदिये' ही बोट तेथें लागली तेव्हां मेजर कार्टर या डॉक्टरानें पाहिलें, तों माणसें दाटीनें पडलेलीं, जखमा कुजलेल्या, व मलमूत्र बोटीच्या कडेवरून ओघळून वाळलेलें. त्यानें तसें लिहून कळविलें, तेव्हां वरिष्ठांनीं त्यालाच अटकेची धमकी दिली! पण तो बधला नाहीं. १९१७ सालीं चौकशीचा अहवाल निघाला व हिंदुस्थानमंत्री चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला.

बसऱ्याहून मुंबई, तेथें इस्पितळ. मग घर. धाराशिव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. इकडे येणारास कुर्डुवाडीस उतरून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गाडींत बसावें लागे. १९११ पासून ती लातुरापर्यंत जात असे. धाराशिव शहर त्या मार्गावर नव्हतेंच. येडशीस उतरून पुढें बैलगाडी, नाहींतर पाय. कुबडी घेतलेल्या मनुष्यास हे शेवटचे दहा-पंधरा मैल साऱ्या तैग्रिसाहून लांब वाटावयाचे.

आणि घरीं वाट पाहणारी? तिला बहुधा अक्षरओळख नसे. पत्र आलें तर दुसऱ्यानें वाचावयाचें, उत्तरही दुसऱ्याच्या हातचें. मनांतलें बोलणें तिऱ्हाइतासमक्ष कोण सांगणार? २९ एप्रिल १९१६ रोजीं कूट पडलें व तेरा हजारांच्या आसपास लोक कैद झाले. त्यांतले हजारभर अत्यवस्थ तेवढे तुर्कांनीं बदल्यांत सोडले. बाकीच्यांपैकीं कित्येकांच्या बायकांस युद्ध संपेपर्यंत कुंकू ठेवावें कीं पुसावें, हेंही कळण्यास मार्ग नव्हता.

महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं या युद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून आहेत: इतके गेले, पैकीं इतके मेले. लंगडत परत आलेल्यांचा आकडा त्यांवर घातलेला आम्हीं तरी पाहिला नाहीं.