इनिपीच्या दारातले नियम

१६४३ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकात रॉजर विल्यम्स या इंग्रज धर्मोपदेशकाने उत्तर अमेरिकेतल्या नॅरागॅन्सेट आदिवासींच्या एका छोट्या कोठडीचे वर्णन केले आहे. ओढ्याजवळ, टेकडीच्या कुशीत ती बांधलेली असे. तापलेल्या दगडांभोवती दहा-बारा, कधी वीस पुरुष तासाहून अधिक काळ बसत, तंबाखू ओढत, गप्पा मारत, घामाने निथळत. आणि बाहेर आले की थेट ओढ्यात उतरत. इंग्रजीत ज्याला ‘स्वेट लॉज’ म्हणतात, त्या प्रथेचे हे एक जुने लेखी वर्णन.

उत्तर अमेरिकेत अशा रीती अनेक आहेत. नावाहो लोक दगडांवर पाणी ओतत नाहीत, त्यांची धग कोरडी. जगभर सर्वाधिक ठाऊक झाली ती मात्र लाकोटांची ‘इनिपी’. साउथ डकोटातल्या पाइन रिज इथले वृद्ध साधक ब्लॅक एल्क यांनी जोसेफ एप्स ब्राउन यांना लाकोटांचे सात पवित्र विधी सांगितले. ते १९५३ मध्ये ग्रंथरूपाने आले. वाळुंजाच्या कोवळ्या बारा किंवा सोळा फांद्या वाकवून केलेला घुमट, मध्ये दगडांसाठी खड्डा, आणि विधी चालू असताना चार वेळा उघडणारे दार, असा आराखडा त्यांनी सांगितला. पूर्वी घुमटावर बायसनची कातडी असत, आता घोंगड्या आणि कॅनव्हास असतो.

इथले बरेचसे शिष्टाचार माणसाच्या जिवाला जपतात. दगड लाव्हापासून झालेले निवडतात, कारण नदीतल्या दगडात अडकलेले पाणी तापले की तो फुटू शकतो. अंगावरचे दागिने उतरवायचे ते नम्रता म्हणून, आणि तापलेला धातू कातडी भाजतो म्हणूनही. कपडे सुती आणि अंगभर. दारू आणि नशा आधीचे काही दिवस वर्ज्य. आत गुडघ्यांवर रांगत शिरायचे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरून बसायचे. अग्नी आणि झोपडी यांच्या मधून वाटेल तसे ये-जा करायचे नाही. फोटो काढायचे नाहीत. पाळीच्या दिवसांत स्त्रिया आत जात नाहीत, ही लाकोटांची जुनी रीत आहे. पाहुण्याने तिथे वाद घालू नये, आधी विचारून घ्यावे. विधी चालवणाऱ्याला पैसे द्यायचे नसतात. मान म्हणून तंबाखू द्यायची.

सर्वात मोलाचा नियम दाराचा. कुणाला धग सोसवेना, तर त्याने ‘मिताकुये ओयासिन’, म्हणजे ‘माझे सारे नातलग’, एवढे म्हणायचे. दार उघडते. त्यात कमीपणा नाही. बाहेर अग्नी सांभाळणारा माणूस याचसाठी सावध असतो.

मराठी वाचकाला इथे आयुर्वेदातले स्वेदन आठवेल. ते उपचार, ही प्रार्थना. दोन्ही एक नव्हेत. तरी चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात कुणाला घाम काढू नये याची लांब यादी आहे, आणि त्यात गर्भवती, मद्यपी, तहानलेले आणि भुकेले हे सारे येतात. आजही हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि चालवणाऱ्यालाही ते सांगावे.

इतका जपलेला विधी अमेरिकी सरकारला मात्र गुन्हा वाटला. अंतर्गत खात्याचे मंत्री हेन्री टेलर यांच्या आग्रहावरून १८८३ मध्ये आदिवासींसाठी खास गुन्ह्यांची नियमावली आली. तिने सूर्यनृत्य या विधीवर बंदी घातली आणि वैदूंच्या विधींसाठी किमान दहा दिवसांची कोठडी ठेवली. इनिपी आडवाटेला गेली, चोरून चालू राहिली. १९३४ मध्ये आदिवासी व्यवहारांचे आयुक्त जॉन कॉलियर यांनी धर्मात ढवळाढवळ करू नये असे परिपत्रक काढले, आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला.

बंदी उठली आणि बाजार आला. ‘नवयुगी’ अध्यात्माची दुकाने इनिपी विकू लागली. १९९३ मध्ये लाकोटा, डकोटा आणि नाकोटा प्रतिनिधींनी आपल्या अध्यात्माचे शोषण करणाऱ्यांविरुद्ध चक्क युद्ध पुकारल्याचे जाहीर केले. २००३ मध्ये लाकोटांच्या पवित्र चिलमीचे एकोणिसावे रक्षक आर्व्हॉल लुकिंग हॉर्स यांनी स्पष्ट केले की इनिपी चालवणाऱ्याला आपली भाषा यावी, त्याने एकांतातले उपोषण आणि सूर्यनृत्याची चार वर्षे पुरी केलेली असावीत, आणि विधीला किंमत लावू नये.

हे ऐकले गेले नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲरिझोनात सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे या प्रेरक वक्त्याने पन्नासहून अधिक माणसे एका मोठ्या झोपडीत बसवली. शिबिराची फी नऊ हजार डॉलरहून जास्त होती. त्याआधी लोक छत्तीस तास अन्नपाण्याविना वाळवंटात बसून आलेले. ढासळणाऱ्यांना आणखी टिकून राहण्याचा आग्रह होत राहिला. तिघांचा जीव गेला, कितीतरी जण रुग्णालयात पोहोचले. लाकोटांचा संताप दुहेरी होता: माणसे मेली, आणि ती त्यांच्या प्रार्थनेच्या नावाखाली मेली. अमेरिकी सरकारशी १८६८ मध्ये झालेल्या फोर्ट लॅरमी तहाचा आधार घेऊन त्यांच्या एका शिष्टमंडळाने न्यायालयात धाव घेतली. २०११ मध्ये ज्यूरीने रे याला निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा झाली दोन वर्षांची.

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाला अशा विधीचे निमंत्रण आले, तर त्याने चालवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हे तुम्हाला कुणी शिकवले आणि त्या लोकांपैकी कोण तुम्हाला ओळखते? पैसे किती? मला बाहेर यावेसे वाटले तर काय करायचे? पहिल्याचे उत्तर टाळले जात असेल, दुसऱ्याला आकडा सांगितला जात असेल किंवा तिसऱ्याला ‘मन घट्ट करा’ असे ऐकायला मिळत असेल, तर आभार मानून तिथूनच परत फिरावे.