बाळाच्या लोशन-पावडरचा वास: डब्यावर काय बघायचं?

बाळाच्या लोशन, पावडरच्या डब्यामागे बारीक अक्षरात ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ एवढंच छापलेलं असतं. त्या एका शब्दात कितीतरी रसायनं असू शकतात. त्यातलं लिलिअल प्रजननाला घातक ठरल्याने युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. ‘नैसर्गिक’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नये. लव्हेंडर, लिंबाच्या तेलातल्या लिनालूल, लिमोनीनचा हवेशी संबंध आला की काहींच्या कातडीला ॲलर्जी होते. ‘अनसेंटेड’मध्येही मूळ वास दाबायला सुगंध घातलेला असू शकतो, त्यामुळे ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ बघून घ्यावं. साबण धुऊन जातो, लोशन अंगावरच राहतं. काळजी लोशनची जास्त. पुरळ किंवा लाली आली तर वापर थांबवावा आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत न्यावा.