नीरेचा कालवा आणि कुंडीतली रिंगणी

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या सीमाभागात वसलेले भवानीनगर आज ऊस आणि श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना यांमुळे ओळखले जात असले, तरी वर्षाला सरासरी सुमारे 500 मिलीमीटर पावसाच्या या पट्ट्यात ऊस हा पाहुणा आहे. माळावर आणि गाडीवाटेच्या कडेला जमिनीसरपट पसरणारी भुईरिंगणी मात्र मूळची इथलीच. वांगे, बटाटा आणि टोमॅटो यांच्या कुळातील या रानटी वनस्पतीच्या पानांवरही सरळ, पिवळसर काटे असतात, फुले जांभळी येतात आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची गोटीएवढी फळे पिकल्यावर पिवळी होतात.

वैद्यकाने तिला फार पूर्वी जवळ केले. संस्कृत ग्रंथांतील कंटकारी, निदिग्धिका आणि व्याघ्री ही तिचीच नावे असून, दशमुळांपैकी लघुपंचमूळ या गटात ती डोरलीसह म्हणजे बृहतीसह येते आणि खोकला व दमा यांवरील औषधांत तिचे मूळ वापरले जाते. दाढ किडली की तिच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी घेण्याचा आणि त्यामुळे दातातले किडे पडतात असे मानण्याचा घरगुती प्रघातही होता. दंतक्षय जिवाणूंमुळे होतो हे कळल्यावर त्यातील किड्यांचा भाग गळून पडला. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राने तिला दिलेली नावे मात्र भूगोलाची गंमतच म्हणावी लागेल: 1753 मध्ये लिनियसने तिला अमेरिकेतील व्हर्जिनियाचे नाव लावले, 1768 मध्ये बर्मनने सुरतेचे, आणि अग्रक्रमाच्या नियमाने आज व्हर्जिनियाचेच नाव ग्राह्य धरले जाते.

या परिसराचा कायापालट पाण्याने केला. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि वीर येथील बंधाऱ्यापासून निघणारा नीरा डावा कालवा ही कामे हाती घेण्यात आली, 1885 च्या सुमारास कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू शिवारात बागायत शिरली. पुढे 1930 च्या दशकात वालचंदनगरचा खाजगी कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर भवानीनगरचा सहकारी कारखाना उभा राहिल्यावर उसाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. बारमाही ओलीत आणि वारंवार नांगरट असलेल्या रानात रिंगणीसारख्या वनस्पतीला बांध, पडीक तुकडा आणि रस्त्याची कड एवढीच जागा उरते. पाण्याच्या अतिरेकाने कालव्याखालच्या काही जमिनी पुढे चोपण झाल्या, हा त्याच इतिहासाचा कडू भाग.

म्हणूनच रिंगणी कुंडीत लावणाऱ्याला बागायतदाराची सवय आधी सोडावी लागते. दक्षिण अमेरिकेतील तिची एक बहीण लालसर फळांसाठी युरोपातील खिडक्यांत पूर्वापार मिरवत आली. रिंगणीला तो मान मिळाला नाही, यात तिच्या काट्यांचा वाटा मोठा असावा. पिकलेल्या फळातील बिया धुऊन, वाळवून उन्हाळ्याच्या अखेरीस पेराव्यात. तिचे सोटमूळ खोल जात असल्याने कुंडी रुंदीपेक्षा खोलीला मोठी घ्यावी आणि मातीत मुरूम किंवा जाड वाळू भरपूर मिसळावी. दिवसाला पाच-सहा तासांचे थेट ऊन हवे, त्यामुळे घराच्या आतील कोपऱ्यापेक्षा गच्ची किंवा दक्षिणेकडील सज्जा तिला मानवतो, आणि वरची माती पुरती सुकल्याशिवाय पाणी देणे म्हणजे मूळ कुजवणे होय. वांग्यावरील लाल कोळी, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण तिच्यावरही येऊ शकतात, तेव्हा वांग्याचे रोप शेजारी ठेवू नये. कच्च्या फळांत विषारी अल्कलॉइडे असल्याने ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

फळधारणेची अडचण याहून निराळी आहे. रिंगणीच्या फुलातील परागकोश टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतूनच पराग सोडतात आणि तो बाहेर काढण्यासाठी पंखांच्या स्नायूंनी फूल थरथरवणारी भुंग्यासारखी मधमाशी लागते, जे काम पोळ्यातल्या साध्या मधमाशीला जमत नाही. बांधावर अशा माश्या फिरतात. चौथ्या मजल्यावरच्या सज्जात त्या आल्या नाहीत, तर सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला बोटाने हलकीशी टिचकी मारावी लागते, म्हणजे पिवळी धूळ खालच्या पानावर सांडताना दिसते.