दोन टन भंगार आणि एक अपोलो संगणक

थ्रेड : मोडीत निघालेली संगणकयंत्रे भंगारातून कशी वाचली, आणि ती ओळखली कशी जातात, याविषयी.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहर, १९७० च्या दशकाचा मध्य. शेवटची चांद्रमोहीम डिसेंबर १९७२ मध्ये आटोपली होती आणि नासाची गोदामे हळूहळू रिकामी होत होती. निर्लेखित झालेले सुमारे दोन टन सामान एका खासगी खरेदीदाराने भंगार म्हणून विकत घेतले. त्या ढिगाऱ्यात धातूची एक चपटी, बंद पेटी होती. तिला ना पडदा होता, ना कळफलक. वजन सुमारे ३२ किलो.

ती पेटी म्हणजे अपोलो मार्गदर्शन संगणक.

चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या यानांत याच बनावटीचे संगणक होते. आराखडा एमआयटीच्या प्रयोगशाळेचा, निर्मिती रेथिऑन कंपनीची. ढिगाऱ्यातील हे विशिष्ट यंत्र मात्र अवकाशात गेले नव्हते. १९६८ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात चांद्रयानाच्या एका चाचणी-प्रतिकृतीवर प्रयोग झाले, त्यात ते वापरले गेले होते. चाचणी संपली, उपयोग संपला आणि यंत्र जडसंग्रहात जमा झाले. सरकारी कार्यालयांतील ‘डेड स्टॉक’ची नोंदवही पाहिलेल्यांना पुढचा प्रवास सांगायला नको.

असे सामान बाजारात येण्याची अमेरिकेतील रीत जुनी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेले रेडिओ, रडार, तारा आणि मीटर यांची सरकारने प्रचंड प्रमाणावर विक्री केली. त्यावर ‘सरप्लस’ दुकानांचा एक स्वतंत्र व्यापार उभा राहिला. पुढे संरक्षण आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योग कॅलिफोर्नियात वाढला, तसा त्याचा शिलकी मालही तेथील दुकानांत साचू लागला. शालेय वयातील स्टीव्ह जॉब्ज अशाच ‘हॅलटेक’ नावाच्या दुकानात काम करत असे. जुन्या बाजारात कोणता सुटा भाग स्वस्तात मिळतो आणि त्याची खरी किंमत काय, हे ज्ञान त्याला तेथे मिळाले.

ओळख पटवण्याचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ढीग सर्वांसमोर सारखाच असतो. वाचता येणारा एखादाच.

पहिली खूण म्हणजे चिपवरील चार अंक. बहुतेक उत्पादक त्यात वर्ष आणि आठवडा छापत. ‘७५२८’ म्हणजे १९७५ सालचा अठ्ठाविसावा आठवडा. नवशिके येथे हमखास फसतात, कारण ७४०० मालिकेतील चिपांचे मूळ क्रमांकही चार अंकीच असतात. ‘७४३२’ हा आकडा १९७४ चा बत्तिसावा आठवडा वाटू शकतो. प्रत्यक्षात तो त्या चिपच्या प्रकाराचा क्रमांक असू शकतो. ‘७४७४’ पाहिल्यावर तरी शंका यायला हवी, कारण चौऱ्याहत्तर आठवड्यांचे वर्ष कोणत्याच पंचांगात नाही.

एका सुट्या चिपवरून यंत्राचे वय ठरत नाही. दुरुस्तीत एखादी चिप बदललेली असते. संपूर्ण पाटीवरील सर्व तारखा लावून पाहिल्या, की बहुतेक आकडे एका हंगामाभोवती गोळा होतात, आणि यंत्र त्यानंतर केव्हातरी जुळवले गेले एवढे खात्रीने म्हणता येते. ताम्रपटातील अक्षरवळणावरून काळ ठरवण्याच्या पद्धतीशी याचे नाते जवळचे आहे. बनावटही येथेच उघडी पडते. १९७६ चे म्हणून पुढे केलेल्या ‘ॲपल-१’ वर मूळच्या म्हणवल्या जाणाऱ्या चिपा १९८१ च्या निघाल्या, तर विक्रेत्याला बरेच स्पष्टीकरण द्यावे लागते.

रंग आणि आकारही बोलतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पाट्यांच्या मुठी रंगीत असत आणि रंगाचे इंग्रजी आद्याक्षर हेच त्या मालिकेचे अक्षर असे : लाल म्हणजे ‘आर’, निळी म्हणजे ‘बी’, किरमिजी म्हणजे ‘एम’. आयबीएमच्या पाटीवर चौकोनी धातूच्या लहान डब्या ओळीने दिसल्या, तर ती १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० च्या काळातील असण्याची शक्यता दाट. बारीक तारांच्या जाळीत ओवलेली फेराइटची काळी कडी दिसली, तर ती चुंबकीय स्मृती होय.

दुर्दैव असे की याच खुणा यंत्राच्या मुळावरही उठल्या. जुन्या सिरॅमिक चिपांवर सोन्याचा मुलामा असे. भंगारवाल्याने चिपा आम्लात टाकून सोने काढले, यात त्याचा दोष कमीच, कारण त्याचा धंदाच तो. हौशी संग्राहकांनी केलेले नुकसान कमी बोलले जाते. सिस्टिम/३६० चे दिव्यांनी भरलेले दर्शनी फलक भिंतीवर टांगण्यासाठी उतरवले गेले आणि मागची कपाटे भट्टीत गेली. चुंबकीय स्मृतीच्या जाळ्या चौकटीत बसवून भेटवस्तू म्हणून विकल्या गेल्या. कोणत्या यंत्रातून, कोणत्या संस्थेतून ती जाळी आली, ही माहिती मात्र गेली ती गेलीच. गंजलेल्या पेटीवरचा मालमत्ता क्रमांकाचा कागदी चिटोरा पुसून यंत्र ‘चकाचक’ करणारा संग्राहक इतिहासाचा पुरावाच पुसत असतो. माहितीपुस्तिका आणि प्रोग्रामच्या छापील यादीची रद्दीही यंत्राइतकीच मोलाची असते.

ह्यूस्टनची पेटी या दोन्ही संकटांतून वाचली आणि कित्येक दशके खरेदीदाराकडेच राहिली. २०१८ मध्ये मार्क व्हर्डिएल, केन शिरिफ, कार्ल क्लॉन्च आणि माइक स्टुअर्ट या चौघांनी ती पुन्हा चालू करण्याचे काम हाती घेतले. अशा वेळी पहिला नियम एकच : विजेची कळ दाबायची नाही. पन्नास वर्षे पडून असलेल्या यंत्रात एखादा भाग बिघडून आत शॉर्ट झालेला असेल, तर त्या एका क्षणात शेजारचे भागही जळून जातात. म्हणून एकेक मोड्यूल सुटे तपासले गेले. त्यासाठी अर्थात जुने आराखडे हाताशी हवे होते. रद्दी म्हटली गेलेली कागदपत्रे ती हीच.

या संगणकातील तर्कभागात सुमारे २,८०० चिपा आहेत. कायमस्वरूपी स्मृती ३६,८६४ शब्दांची, बदलता येणारी अवघी २,०४८ शब्दांची. कायमस्वरूपी स्मृती अक्षरशः विणलेली असे : तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. रेथिऑनच्या कारखान्यातील स्त्री-कामगारांनी हे विणकाम केले. ढिगाऱ्यातील यंत्रात या विणलेल्या स्मृतीच्या जागी जमिनीवरील चाचण्यांसाठीची, बाहेरून प्रोग्राम पुरवणारी मोड्यूल बसवलेली होती. त्यामुळे उड्डाणाचा प्रोग्राम आत नव्हता. तो जतन झालेल्या छापील याद्यांवरून आधीच पुन्हा उभा करण्यात आला होता.

२०१९ मध्ये, पहिल्या चांद्रावतरणाच्या पन्नासाव्या वर्षी, भंगारातील तो संगणक पुन्हा प्रोग्राम चालवू लागला. शिरिफ यांनी गंमत म्हणून त्याच्यावर बिटकॉइनची आकडेमोडही करून पाहिली. एका हॅशला १०.३ सेकंद लागले.

ही दुरुस्ती चालू होती त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील सरप्लस दुकाने एकेक करून मिटत होती. सनीव्हेलचे ‘वेअर्डस्टफ वेअरहाउस’ एप्रिल २०१८ मध्ये बंद झाले, सांता क्लाराचे ‘हॉल्टेड’ जानेवारी २०१९ मध्ये. आता कंपन्यांचे जुने संगणक अनेकदा माहिती-सुरक्षेच्या कारणास्तव थेट तुकडे करणाऱ्या यंत्रात जातात. मधल्या काळात कोणी त्यावरील चार अंक वाचावेत, अशी फळीच उरलेली नाही.