अक्षराची रुंदी

यंत्राला अक्षर दिसत नाही, त्याला रुंदीचा आकडा तेवढा कळतो. हा आकडा कोणाच्या हाती, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

१९७१ च्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेल लॅब्जच्या पेटंट विभागाचे तीन टंकलेखक युनिक्सवर दिवसभर अर्ज टाइप करीत. थॉम्प्सन, रिची, ओसाना ही नावे इतिहासात आहेत. या तिघांचा उल्लेख होतो तो संख्येने! युनिक्स उपयोगाचे आहे हे सिद्ध झाले ते मात्र त्यांच्या श्रमावर.

टेलिटाइपसारख्या यंत्रावर इंग्रजी 'आय' आणि 'एम' यांना सारखीच जागा मिळे. उजवी कड सरळ करायची तर शब्दांमध्ये अख्ख्या मोकळ्या जागा कोंबायच्या. मग ओळीत भगदाडे पडत. जो ओसाना यांनी १९७३ च्या सुमारास 'ट्रॉफ' लिहिले ते 'सी/ए/टी' या फोटोटाइपसेटरसाठी. त्यात चार टंक, प्रत्येकात १०२ चिन्हे आणि इंचाचे ४३२ भाग. आता 'आय'ला अरुंद जागा, 'एम'ला रुंद. मात्र ओळ कुठे तोडायची हे ठरवण्यासाठी प्रत्येक अक्षराची रुंदी प्रोग्रामला आधीच ठाऊक हवी. आणि त्याची सारी मांडणी त्या एकाच यंत्राला जखडलेली!

ओसाना १९७७ साली वारले. १९७९ मध्ये ब्रायन कर्निघन यांनी ही गाठ सोडवायला घेतली. यंत्राचे वर्णन त्यांनी वेगळ्या फायलींत ठेवले. नव्या यंत्रासाठी मूळ प्रोग्राम पुन्हा लिहिण्याची, म्हणजे तो लिहिणाऱ्याच्या दारात उभे राहण्याची, गरज उरली नाही. टंकाची फाइल साध्या मजकुराचीच होती: एका ओळीवर एक अक्षर, पुढे त्याची रुंदी.